ताहरच्या मागावर : न्यूझीलंडच्या डोंगरात धनुष्यबाणाचे चार दिवस

कड्यावरचा

रविवारी रात्री घरी पोचलो. पोटऱ्या अजून भरलेल्या आहेत, हातावरचे ओरखडे ओले आहेत, पण सगळं डोक्यात ताजं आहे तोवर लिहून काढतो. मागे एका धाग्यावर मी ‘शिकारीला जातो’ एवढंच लिहिलं होतं, तेव्हा तिघा-चौघांनी विचारलं होतं की शिकार नेमकी कशाची, आणि बंदूक सोडून धनुष्य का. त्यांना सविस्तर लिहीन म्हणून कबूल केलं होतं.

आधी प्राण्याबद्दल सांगतो, कारण तो आपल्याकडचा आहे. हिमालयीन ताहर, एक रानबकरा. उत्तराखंडात चोपता-तुंगनाथला गेलेल्यांनी कड्यावर पाहिला असेल, नेपाळात त्याला झारल म्हणतात. नराच्या मानेवर आणि छातीवर गुडघ्यांपर्यंत लोंबणारी आयाळ, शिंगं आखूड आणि मागे वळलेली. हा प्राणी न्यूझीलंडला आला १९०४ मध्ये. इंग्लंडमधल्या ड्यूक ऑफ बेडफर्डने आपल्या कळपातले काही ताहर भेट म्हणून पाठवले आणि ते आओराकी म्हणजे माउंट कुकच्या पायथ्याशी सोडले गेले. हेतू एवढाच की परदेशी शिकाऱ्यांनी इथे यावं. नंतर आणखीही काही सोडले.

या देशात मूळचे जमिनीवरचे सस्तन प्राणी म्हणजे फक्त वटवाघळं. इथल्या डोंगरावरच्या गवतांनी आणि फुलझाडांनी लाखो वर्षांत खूर असलेलं जनावर पाहिलेलं नव्हतं. बहुतेकांना ना काटे, ना कडवटपणा. त्यात ताहरला खाणारंही इथे कुणी नाही. १९३० मध्ये सरकारने त्याचं संरक्षण काढून घेतलं, पुढे पगारी शिकारी लावले, सत्तरच्या दशकात हेलिकॉप्टरमधून मांसासाठी इतके मारले गेले की संख्या पार तळाला गेली. मग शिकारी ओरडले, ते थांबलं, आणि संख्या पुन्हा वाढली. १९९३ च्या सरकारी आराखड्यात कमाल मर्यादा १०,००० धरली आहे. प्रत्यक्षात २०१९ च्या अंदाजात सरकारी जमिनीवरच ती तिप्पट निघाली. २०२० मध्ये शिकारी संघटनेने सरकारच्या संवर्धन खात्याला कोर्टातही खेचलं होतं.

हिमालयात जो वाचावा म्हणून आपण कायदे केले, तोच इथे आगंतुक. मी तुंगनाथच्या वाटेवर पहिल्यांदा ताहर पाहिला तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि अर्धा तास हललो नव्हतो. त्याच जनावरावर इथे बाण लावतो, हे माझ्या मनात आजही पूर्ण बसलेलं नाही. तरी जातो. का, ते खाली येईल.

मे-जून हा ताहरचा माजाचा काळ. इथे तो हिवाळा. एरवी नर वेगळे आणि उंच असतात, या दिवसांत माद्यांच्या कळपात उतरतात. आम्ही दोघं होतो, मी आणि कामावरचा एक मित्र, इथलाच, लहानपणापासून या डोंगरांत वाढलेला. ख्राइस्टचर्चहून ट्वायझेल साधारण ३०० किलोमीटर, तिथून ओहाऊ तळ्याच्या काठाने हॉपकिन्स खोऱ्यात. सरकारी जमिनीवर शिकारीचा परवाना लागतो, तो फुकट आणि घरबसल्या मिळतो. बंदुकीला वेगळा लायसन्स लागतो, धनुष्याला नाही.

पहिला दिवस चालण्यात गेला. पाठीवर २२ किलो. हॉपकिन्सचं पात्र सुटलेल्या वेणीसारखं आहे, दहा-बारा प्रवाह एकमेकांत मिसळतात आणि पुन्हा फुटतात. पाणी मांडीपर्यंत, आणि गारठा असा की दुसऱ्या प्रवाहानंतर पाय आपले वाटत नाहीत. एकमेकांच्या सॅकचे पट्टे धरून, तिरकं, प्रवाहाबरोबर खाली सरकत ओलांडायचं. मग एका ओढ्याच्या कडेने बीच नावाच्या झाडांच्या जंगलातून वर. साधारण १२०० मीटरवर झाडं संपली तिथे तंबू लावला. सव्वापाचला सूर्य गेला आणि बाटलीतल्या पाण्यावर पापुद्रा आला.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून दुर्बीण. इथे दक्षिण गोलार्धात ऊन उत्तरेकडून येतं, हे सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला अंगवळणी पडायला वेळ लागतो. थंडीत ताहर उत्तराभिमुख कड्यांवर ऊन खात बसतात, म्हणून तेच कडे आधी चाळायचे. नऊच्या सुमाराला समोरच्या सोंडेवर अकरा जनावरं दिसली. दहा काळपट-तपकिरी, आणि एक, ज्याची आयाळ उन्हात वाळल्या गवतासारखी पेटलेली.

ताहर संकटाची वाट खालून पाहतो. वर बघायची त्याला फारशी सवय नाही. म्हणून त्याच्या वर जायचं. आणि वारा सांभाळायचा. रात्रभर गार हवा डोंगरावरून खाली घसरत असते. ऊन कड्याला लागलं की तीच हवा उलटी वर चढायला लागते. हा बदल होईपर्यंत वरून उतरायचं नाही, नाहीतर आपला वास आपल्याआधी पोचतो. आम्ही बाजूच्या घळीतून साडेपाचशे मीटर चढलो. घसारा असा की दोन पावलं वर, एक खाली. मधे स्पॅनिअर्ड नावाच्या झाडाचे झुबके, पाती तलवारीसारखी ताठ, टोकाला सुई. हातावरचे ओरखडे त्याचेच. तोल गेला की माणूस हाताला येईल ते धरतो, आणि हाताला नेमकं तेच येतं.

दीडला मी एका खडकामागे पालथा होतो. मित्र मागे, वर. नर खाली उभा. अंतरमापकाने ४१ मीटर दाखवले, उतार ३८ अंश. धनुष्याने डोंगरात नेम धरायचा असेल तर हे गणित पाठ हवं: वर असो की खाली, बाणाला आडव्या अंतराचा नेम लागतो. इथे ते ३२ मीटर. ४१ चा नेम धरला असता तर बाण वीतभर वरून गेला असता.

दोरी ओढली. नर छाती माझ्याकडे करून उभा. समोरून छातीवर जाड हाड, त्यामागे हृदय, जागा हाताच्या मुठीएवढी. मी थांबलो. तो वळेल, बरगडी दाखवेल. माझं धनुष्य ६५ पौंड ओढीचं, म्हणजे ओढायला साधारण तीस किलोचा जोर लागतो, पण कंपाउंड असल्यामुळे पूर्ण ओढल्यावर चाकं फिरतात आणि हातात उरतो तो भार साधारण सहा किलोचा. तेवढाच असला तरी एक मिनिट म्हणजे फार असतं. खांदा थरथरायला लागला. तेवढ्यात मानेमागे गार झुळूक लागली.

त्याने मान वर केली. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. माझी खात्री आहे की तेव्हा सोडला असता तर बाण लागला असता, कुठे तरी. मी दोरी हळूहळू परत नेली. एक शीळ घातल्यासारखा आवाज आणि अकराच्या अकरा जनावरं ज्या कड्यावर मी दोर लावूनही उतरणार नाही त्यावरून खाली ओतली गेली.

मित्र काही बोलला नाही. संध्याकाळी चहा देताना फक्त म्हणाला, बरं केलंस.

तिसऱ्या दिवशी पश्चिमेला मुख्य रांगेवर ढगांची कमान दिसली. इथे वायव्येचा वारा म्हणजे पाऊस, आणि पाऊस म्हणजे नदी बंद. हाताशी एकच दिवस. तीन माद्या एका रुंद, गवताळ कपारीवर चरत होत्या. वरून दोन तास रांगत गेलो. आडवं अंतर २७ मीटर. दोघींबरोबर पिल्लं होती, ती चालू वर्षाची, आईच्या मागेमागे. तिसरी तरुण, एकटी. मी बराच वेळ बघत राहिलो की हिचं पिल्लू खडकाआड नाही ना. मग दुसरी गोष्ट पाहिली: पडली तर पडेल कुठे. ताहरच्या शिकारीत बरीच जनावरं अशा जागी जातात जिथून काढता येत नाहीत, आणि जे काढता येणार नाही ते मारू नये. कपारीखाली गवताचा उतार होता, कडा नव्हता.

तिने डोकं खाली घातलं, पुढचा पाय पुढे टाकला. बरगडी उघडी झाली. बाण सोडल्याचं मला आठवत नाही, लागल्याचा आवाज आठवतो. ओल्या कापडावर थाप मारल्यासारखा. ती वीसेक पावलं धावली, थांबली, आणि गुडघ्यांवर बसली.

नियम म्हणून अर्धा तास जागेवरून हललो नाही. नंतर खाली गेलो. डोळे उघडे होते. मी तिच्या मानेवर हात ठेवला, अजून ऊब होती. त्या केसांत हात घालताना तुंगनाथ आठवलं आणि मला रडू आलं.

सोलून, हाडं काढून बारा-तेरा किलो मांस निघालं. हात गोठत होते, पोटाच्या पोकळीत घातले की शेकायचे. चौथ्या दिवशी पहाटे टॉर्चवर नदी ओलांडली. नऊला पाऊस सुरू झाला.

शमी

लेख दोनदा वाचला. वर्णन फार जिवंत आहे हे मान्य. पण मला त्रास झाला, तो लिहिते. इतकं कळूनही, डोळ्यांत पाणी येऊनही बाण सोडायचा, याला मी काय म्हणू? हेलिकॉप्टरने हजारो मारले जात असतील, पण तो सरकारचा निर्णय. तुम्ही स्वतःच्या हौसेने गेलात. आणि बाणाने मरण बंदुकीपेक्षा वेदनेचं असतं ना? बाण नीट लागला नाही तर त्या मुक्या जिवाचं काय होतं?

सातपुडा

शहाद्याकडचा आहे. आमच्या भागात भिल्ल म्हाताऱ्यांकडे अजून तीर-कामठी असते. कामठी बांबूची आणि दोरीसुद्धा बांबूच्या चिरफळीची, सुताची नाही. पावसात सूत सैल पडतं, बांबू पडत नाही. माझ्या लहानपणी शेजारच्या बाबांनी मला ती ओढायला दिली होती, मला अर्धीही ओढता आली नाही आणि ते सत्तरीचे होते. नेम धरताना अंगठा लावत नाहीत, एकलव्याचा मान म्हणून. आता ती फक्त लग्नात आणि होळीला बाहेर निघते. कंपाउंडची चाकं वगैरे वाचून नवल वाटलं, पण वाऱ्याचं जे लिहिलंत ते बाबासुद्धा तसंच सांगायचे: आधी धूळ सोडून बघ, मग पाऊल टाक.

तिरंदाजाची आई

दादा, माझा मुलगा साताऱ्यात कंपाउंड शिकतो, बारा वर्षांचा आहे. २०२३ मध्ये अदिती स्वामी सतराव्या वर्षी जगज्जेती झाली, त्याच बर्लिनच्या स्पर्धेत नागपूरचा ओजस देवतळेही जिंकला, तेव्हापासून आमच्याकडे मैदानावर जागा मिळत नाही. मुलाला तुमचा लेख वाचून दाखवला, शिकारीचा भाग थोडा गाळून. त्याचा प्रश्न: आम्ही ५० मीटरवर मारतो आणि दहाच्या वर्तुळात लागतात, मग काका २७ मीटरपर्यंत का रांगत गेले? आणि उताराचं गणित त्याला समजलं नाही, ते सोपं करून सांगाल का?

उत्तररात्र

लंडनहून. इथे ब्रिटनमध्ये रानटी जनावरावर धनुष्य वापरायला कायद्याने बंदी आहे, १९८१ च्या कायद्यात स्पष्ट आहे. कारण शमीताईंनी दिलं तेच: जखमी होऊन सुटण्याची भीती. अमेरिकेत मात्र वेगळे हंगामच असतात धनुष्याचे. त्यामुळे शमीताईंचा प्रश्न भावनेचा म्हणून बाजूला सारू नये. एका देशाने त्यावर कायदा केलाय.

कड्यावरचा

शमी, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. ते लेखात लिहायला हवं होतं आणि मी टाळलं.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मी एका शॅमॉयवर बाण सोडला. तोही आणलेला, बकरीसारखा प्राणी, युरोपच्या आल्प्समधला, ऑस्ट्रियाच्या सम्राटाने १९०७ मध्ये भेट दिलेला. अंतर ४४ मीटर होतं. मैदानावर त्या अंतरावर मी चुकत नाही. पण बाण सोडला आणि त्याने पाऊल टाकलं. बाण मागे लागला, पोटात. आम्ही सहा तास थांबलो, कारण पोटातल्या जखमेच्या जनावराला लगेच दामटलं तर ते मैलभर जातं. मग माग काढला. पहिले दोनशे मीटर रक्त, मग थेंब, मग एका खडकावर एक ठिपका, मग काही नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत शोधलं. सापडला नाही. तो तसा सुटला आणि मी त्याला तसा सोडला. त्याच्या वेदनेचा हिशोब माझ्याकडे आहे, कुणा सरकारकडे नाही.

त्यानंतर आठ महिने मी धनुष्य डोंगरात नेलं नाही. नेलं तेव्हा ३५ मीटरची हद्द घालून घेतली, आडव्या अंतराची. परवाचा नर हद्दीत होता, उभा नीट नव्हता म्हणून सोडला.

बाण लागायच्या जागी लागला, म्हणजे दोन्ही फुप्फुसांतून गेला, तर जनावर दहा-पंधरा सेकंदांत पडतं. पात्याची धार दाढीच्या पात्यासारखी असावी लागते, मी प्रत्येक बाण केसावर तपासून नेतो. पण ‘लागला तर’ हे दोन शब्द राहतातच, तुमचं बरोबर आहे. उत्तररात्र, ब्रिटनचा कायदा मला चुकीचा वाटत नाही.

हौसेबद्दल. मी संवर्धनासाठी शिकार करतो असं म्हणणार नाही. एका मादीने त्या खोऱ्याला काहीही फरक पडत नाही. फरक पाडतात ती हेलिकॉप्टरं आणि रायफली. मी जातो कारण आमच्या घरात मटण खाल्लं जातं, आणि मला ते जनावर कुठून आलं, कसं जगलं, कसं मेलं हे माहीत असावंसं वाटतं. बंदुकीने तीनशे मीटरवरून हे होत नाही. तीनशे मीटरवरून मला तिचं पिल्लू आहे की नाही हे नीट कळलं नसतं. तुम्हाला हे पटावं असा माझा आग्रह नाही.

ताई, मुलाला सांगा: मैदानावर निशाण हलत नाही. माझा बाण सेकंदाला साधारण ८० मीटर जातो, म्हणजे २७ मीटरला एक तृतीयांश सेकंद. पण आवाज त्याच्या चौपटीहून वेगाने जातो. दोरीचा आवाज जनावराला आधी ऐकू येतो आणि ते दचकून खाली दबतं. ५० मीटरला त्याला दबायला जवळपास दुप्पट वेळ मिळतो. म्हणून जवळ जायचं.

उताराचं असं: घराच्या गच्चीतून अंगणातल्या कुंडीवर बाण मारायचा आहे. गच्चीपासून कुंडीपर्यंत तिरकी दोरी ताणली तर ती लांब भरेल. पण गच्चीच्या बरोबर खाली अंगणात उभं राहून कुंडीपर्यंत पावलं मोजली तर ती कमी भरतील. गुरुत्वाकर्षण बाणाला या पावलांच्या अंतराएवढंच वाकवतं. त्यामुळे नेम पावलांचा धरायचा, दोरीचा नाही. खालून गच्चीवर मारतानाही तेच.

खोबरेल

मला मटणाचं विचारायचंय. ताहरला उग्र वास येतो म्हणतात ते खरं का? माझा भाऊ वेलिंग्टनला असतो, त्याला कुणी तरी फरा दिला होता, घरभर वास झाला म्हणे.

कड्यावरचा

माजावरचा नर असेल तर येतो, आणि तो कशानेच जात नाही. तरुण मादीचं मांस आपल्या बोकडाच्या मटणासारखंच, थोडं कोरडं, चरबी जवळजवळ नाही. चरबी दिसेल तेवढी काढून टाकायची, वास तिच्यातच असतो. मांडीचे तुकडे आलं-लसूण, हळद, मीठ आणि थोडं दही लावून रात्रभर ठेवले. कांदा-खोबरं खरपूस भाजून वाटण, आईने पाठवलेला कांदा-लसूण मसाला, तेल जरा सढळ. कुकरला घाई करू नका, पाच-सहा शिट्ट्या आणि नंतर मंद आचेवर वीस मिनिटं. काळीज मात्र डोंगरातच खाल्लं, तव्यावर मीठ-मिरी टाकून. फऱ्याचा खिमा केला.

गवळण

राजमलैला मुन्नारजवळ ताहर पाहिले होते, अगदी रस्त्याच्या कडेला, माणसांना न घाबरता. तेच का हे? आणि मे महिन्यात माद्या गाभण नसतात का? हा प्रश्न मनात आल्याशिवाय राहिला नाही.

कड्यावरचा

ते निलगिरी ताहर, फक्त पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाला, जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. नाव एक असलं तरी आता त्यांची प्रजातीच (जीनस) वेगळी धरतात. जनुकं तपासल्यावर निलगिरी ताहर मेंढ्यांच्या जवळचा निघाला, हिमालयातला बकऱ्यांच्या.

गाभणपणाचं: मे अखेर म्हणजे माज नुकताच रंगात आलेला, पिल्लं होतात नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमाराला. तिच्या पोटात काही दिसलं नाही. मी पाहिलं होतं.

वाघजाई

मी रत्नागिरी जिल्ह्यातला, वय ७१. आमच्या गावात डुकराचा हाका व्हायचा. अर्धं गाव रान उठवायचं आणि चार बंदूकवाले वाटेवर दबा धरून बसायचे. वडिलांकडे ठासणीची होती. मांसाचे वाटे पडत, ज्याने कुत्रं आणलं त्यालाही वाटा. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि हळूहळू ते थांबलं, थांबायला हवंच होतं, रान उरलं नव्हतं. पण एक सांगतो, त्या गर्दीत कोणाची गोळी, कुठे लागली, जखमी झालेलं डुक्कर कुठे गेलं, याचा विचार करणारा मी तरी पाहिला नाही. तुम्ही आठ महिने धनुष्य टांगून ठेवलंत हे वाचून वडिलांची एक गोष्ट आठवली. त्यांनी एकदा अंधारात भेकर समजून काही तरी मारलं आणि ती विणारी मादी निघाली. त्यानंतर ते बंदूक साफ करायचे, तेल लावायचे, पण शिकारीसाठी कधी उचलली नाही. आम्हाला कारण ते गेल्यावर आईने सांगितलं.

सह्यधार

मी तांत्रिक विचारतो. घसाऱ्यावर बूट कुठले, आणि एकटं जाणं शक्य आहे का? पुढच्या वर्षी सहा महिने ऑकलंडला आहे. सह्याद्रीत वीस वर्षं भटकतोय, लिंगाणा, नाळा, सगळं केलंय. शिकार करायची नाही, पण ती जनावरं कड्यावर पाहायची आहेत.

कड्यावरचा

एकटं जाऊ नका. सह्याद्रीतला अनुभव चढायला उपयोगी पडतो, पण इथे मारतं ते पाणी आणि थंडी. आपल्याकडे ओढा फुगला तर दोन तासांत उतरतो, खाली वाडी असते. इथे नदी तीन दिवस उतरत नाही आणि खोऱ्यात कुणी नसतं. मोबाइलला रेंज नाही. उपग्रहाशी जोडलेलं संकटसूचक यंत्र बरोबर ठेवाच, दुकानात भाड्याने मिळतं. बूट ताठ तळव्याचे, घोट्याच्या वर येणारे. निघताना कुणाला तरी परतीची तारीख आणि वेळ लिहून द्या.

नुसतं पाहायचं असेल तर उन्हाळ्यात, जानेवारीत या. माउंट कुकची पांढरी फुलं, जगातलं सगळ्यांत मोठं बटरकप म्हणतात ते, डिसेंबरपासून असतात. ताहरला ती फार आवडतात. जिथे कळप मोठे तिथे ती फुलं फक्त अशा कपारींवर उरलीत जिथे खूर पोचत नाही. दोन्ही एका दुर्बिणीत दिसली की या देशाची अडचण डोळ्यांना कळते. आणि केआ पोपटांपासून सामान सांभाळा. आमच्या तंबूची दोरी एका पक्ष्याने दहा मिनिटांत कुरतडली.

शमी

पुन्हा आले. माझं मत बदललं नाही, पण उत्तर प्रामाणिक दिलंत त्याबद्दल आभार. वाघजाई काकांचं वाचून गलबललं.

एक विचारू? त्या शॅमॉयच्या जागी तुम्ही परत गेलात का कधी?

कड्यावरचा

गेलो होतो. याच वर्षी फेब्रुवारीत, धनुष्य न घेता. शेवटचा ठिपका ज्या खडकावर होता तो खडक सापडला, मी तेव्हा त्यावर तीन दगडांची रास लावली होती, ती तशीच होती. तिथून खाली एक नाळ आहे, गेल्या वर्षी बर्फामुळे उतरता आली नव्हती. या वेळी उतरलो. तळाशी ओढ्याकाठी दोन तास फिरलो. हाडं नाहीत, केस नाहीत, बाणही नाही.

वर येताना समोरच्या धारेवर पाच शॅमॉय होते. त्यात एक मागचा पाय किंचित ओढत चालत होता. दुर्बिणीतून जाईपर्यंत पाहिला. अंतर चारशे मीटरच्या वर होतं, बाजू कुठली ते दिसलं नाही.

शमी

बरं.

कड्यावरचा

ताई, मुलाला सांगायचं एक राहिलं. मैदानावर असतानाही कधीतरी दोरी पूर्ण ओढून, नेम धरून, न सोडता परत आणायचा सराव करायला सांगा. त्याला ते अवघड जाईल, सोडणं सोपं असतं. प्रशिक्षकांना विचारून, त्यांच्या देखरेखीखालीच करू दे, बाण लावलेला नसताना दोरी हातून निसटली तर धनुष्य तुटू शकतं.